वाचकांचे प्रश्न: पिल्लांना घर शोधून देताना

गेल्या अंकात बेघर कुत्र्यामांजरांना दत्तक देण्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुठे अडत असेल तर कळवा. भरपूर पत्रं आलीत. बरेच प्रश्न एकसारखे आहेत म्हणून नावं न देता त्यातले काही निवडून घेतलेत. उत्तरं मी स्वतः हे काम करताना जे बघितलं, शिकले त्यातून देतेय, औषधाबिषधाचं मात्र तुमच्या व्हेटला विचारल्याशिवाय काही करू नका.

ताई, आमच्या जिन्याखाली मांजरीची चार पिल्लं सापडलीत, डोळे नुकतेच उघडलेत. आई कुठे दिसत नाही. आम्ही शेजारीशेजारी मिळून एक ग्रुप केलाय, एकीने लगेच फोटो टाकले तर दोन जण घ्यायला तयार पण झालेत. देऊन टाकू का?

आत्ता नका देऊ, प्लीज. डोळे नुकतेच उघडलेत म्हणजे पिल्लं साधारण एक ते दोन आठवड्यांची असणार, आणि दत्तक द्यायचं वय कमीत कमी आठ आठवडे. जे दोघं तयार आहेत त्यांना सांगा की नाव लिहून ठेवलंय, दोन महिन्यांची झाली की या. ज्याला खरंच हवंय तो थांबतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि त्याआधी, आई खरंच गेलीये का ते बघा. मांजरी खाणं शोधायला कित्येक तास बाहेर असते, आणि तुम्ही चौघंजणं जर जिन्याजवळ वाकून बघत असाल तर ती लांब कुठेतरी बसून तुम्ही जायची वाट बघत असेल. पिल्लांच्या भोवती जमिनीवर कोरडं पीठ अगदी पातळ भुरभुरून ठेवा आणि सगळे जण लांब जा. काही तासांनी पिठात पंजे उमटलेले दिसले की आई येऊन गेली. पोट गोल, अंग गरम आणि पिल्लं एकमेकांवर शांत झोपलेली असली तर ती पीत आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. आईसाठी खाणं-पाणी ठेवा पण थोडं लांब, अगदी पिल्लांजवळ ठेवलं तर दुसरी जनावरं तिथे येतात.

पिल्लं गार पडलीत आणि सतत ओरडतायत, रात्र होत आली तरी आई आली नाही, मग मात्र उचला. आणि उचलल्यावर पहिलं काम ऊब, दूध नंतर! हे मी सगळ्यांना परत परत सांगते कारण इथेच पिल्लं जातात, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवा म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. गाईचं दूध नको, जुलाब होतात, मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते ती आणा. पाजताना पिल्लू पोटावर ठेवायचं, आईला पिताना असतं तसं, बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जायची भीती असते. या वयात दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्री पण, आणि पाजून झालं की ओल्या कापसाने मागच्या बाजूला हलकेच पुसायचं कारण इतक्या लहान पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही, ते आई चाटून करून घेते. रोज एकाच वेळी किचनच्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा, रोज साधारण दहा ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही किंवा उतरलं तर व्हेटकडे, उद्यावर ढकलू नका.

आई परत आलीच तर तिचंही बघा हं. पिल्लं मोठी होऊन तिचं दूध आटलं की तिची नसबंदी करून घ्या. मांजरीचं गरोदरपण जेमतेम नऊ आठवड्यांचं आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती परत माजावर येऊ शकते, त्यामुळे या चौघांना घरं मिळेपर्यंत जिन्याखाली पुढची चार तयार असतात.

आमच्याकडे तीन वर्षांचा एक कुत्रा आहे, मोत्या म्हणतो आम्ही त्याला. चार महिने झाले पोस्ट टाकतोय. हार्ट येतात, "किती गोड" येतं, पण घ्यायला कोणीच नाही. आमचं काय चुकतंय?

तुम्ही पत्रासोबत पाठवलेली पोस्ट वाचली. "या निष्पाप जिवाला घर द्या, नाहीतर त्याचं काय होईल, कृपया शेअर करा" असं आहे, आणि फोटो वरून काढलाय, मोत्या गजाआडून वर बघतोय. तुमची कळकळ पोचते, पण वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि वाईट वाटलं की माणूस हार्ट देऊन पुढे जातो. कारण मोत्या *कसा* आहे हे त्याला काहीच कळलेलं नसतं. आपल्या घरात, आपल्या सोफ्याशेजारी तो कसा दिसेल हे डोळ्यासमोर यायला हवं ना.

म्हणून आधी फोटो. सकाळच्या उजेडात बाहेर न्या, थोडं फिरवून दमवा, मग तुम्ही स्वतः जमिनीवर बसा म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला येईल. पिंजरा, साखळी नको. एक फोटो चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा आणि एक कोणा माणसाच्या शेजारी, त्यावरून आकार लक्षात येतो. वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका, तो बोलावल्यावर येताना किंवा कोणाच्या पायावर डोकं ठेवून झोपलेला.

मग मजकूर. तुमच्याच पत्रात खाली तुम्ही जे लिहिलंय ते मला पोस्टपेक्षा जास्त आवडलं, तेच घेऊन असं लिहून बघा:

"मोत्या, वय साधारण तीन, वजन अठरा किलो, नसबंदी आणि लसी झाल्यात. डावा कान दुमडलेला, उजवा उभा. सकाळी फिरून आला की दुपारभर झोपतो. मोठ्या मुलांबरोबर छान राहतो, अगदी लहान मुलांबरोबर अजून राहिलेला नाही. मांजर दिसली की मागे धावतो म्हणून मांजर असलेलं घर नको. एकटा चार तास राहू शकतो, त्यापुढे रडतो. दाराशी चप्पल वाजली की आधी शेपटी वाजते."

मांजरीचं आणि रडण्याचं लिहिलं तर कोण घेईल अशी शंका येईल तुम्हाला, सगळ्यांनाच येते. पण माझं या कामातलं सगळ्यात पक्कं मत कुठलं असेल तर ते हे, की खोड आधी सांगायची. लपवलेली खोड पंधरा दिवसांत बाहेर येतेच आणि मग कुत्रा परत येतो, येताना जास्त घाबरलेला असतो आणि त्या घरातली माणसं पुन्हा कधी दत्तक घ्यायचं नाव काढत नाहीत. आधी कळलेली खोड घेऊन माणसं घरात नीट सोय करतात. दिवसभर घरून काम करणारं, मांजर नसलेलं एखादं घर असतंच, आपल्याला शंभर घरं कुठे हवीत, एक हवंय.

पोस्टवरची तारीख आणि "अजून घर मिळालेलं नाही" हे अपडेट करत राहा. आणि मिळालं की तेही टाका, जुनी पोस्ट वर्षानुवर्षं फिरत राहते आणि लोक फोन करून वैतागतात.

आम्ही फॉर्म भरून घेतो आणि घर बघायला जातो. परवा एक गृहस्थ भडकले, म्हणाले रस्त्यावरचं जनावर फुकट नेतोय आणि तुम्ही माझीच परीक्षा घेताय? ग्रुपमधले काही म्हणतात एवढं कशाला, द्यायचं नि मोकळं व्हायचं. तुमचं काय मत?

घर बघायला जायचंच. फक्त कसं जायचं याबद्दल बोलू, कारण त्या गृहस्थांचं थोडं बरोबर असू शकतं. काही ग्रुपचे फॉर्म मी बघितलेत, तीन पानी, पगार किती, लग्न कधी करणार, असलं काहीबाही. चांगला माणूस पण कंटाळतो त्याने. भाड्याच्या घरात राहणारे, एकटे राहणारे, वय झालेले, यांना सरसकट नाही म्हणायचं असा नियम कोणी केला असेल तर तोही काढून टाका. वय झालेल्या माणसाला सात वर्षांचा शांत कुत्रा द्यावा, दोन महिन्यांचं वांड पिल्लू देऊ नये, एवढं डोकं वापरलं की पुरे.

मी फॉर्मपेक्षा गप्पांवर भर देते. आधीचं जनावर होतं का, त्याचं काय झालं? घरातल्या सगळ्यांना माहितीये का, का सरप्राइज द्यायचंय (सरप्राइज म्हटलं की मी थांबते, नंतर तीच माणसं "आईला चालत नाही" म्हणून परत आणतात). घरमालकाची परवानगी आहे का? गावाला जाल तेव्हा कोण बघेल? आजारी पडला तर कुठल्या व्हेटकडे न्याल? आणि एक प्रश्न मी नेहमी विचारते, याने काय केलं तर तुम्हाला तो ठेवणं शक्य होणार नाही? यावर लोक आश्चर्य वाटावं इतकं खरं बोलतात. कोणी म्हणतं चावला तर, कोणी म्हणतं घरात शू केली तर. दुसरं उत्तर देणाऱ्याला पिल्लू देऊ नका, मोठा, शिकलेला कुत्रा दाखवा.

घरी जाल तेव्हा नजर कशावर ठेवायची ते सांगते. वरच्या मजल्यावर मांजर जाणार असेल तर खिडक्या-बाल्कनीला जाळी आहे का, मांजर उंचावरून पडत नाही हा गैरसमज आहे, पडतात आणि पाय-जबडा मोडतो. कुत्रा जाणार असेल तर दार उघडल्यावर थेट रस्ता आहे का, तो झोपणार कुठे, बाहेर बांधून ठेवायचा बेत आहे का. घर मोठं की लहान, फर्निचर कसलं, हे बघायचं नाही. जाताना "तपासणी" हा शब्द पण वापरू नका, "त्याला नवीन घर दाखवायला आणतो" असं म्हणा, आणि खरंच जनावराला बरोबर न्या. तो तिथे कसा वागतो आणि ती माणसं त्याच्याशी कशी वागतात हे दहा मिनिटांत दिसतं.

एक साधा करार लिहून घ्या: ठेवणं जमलं नाही तर आम्हालाच परत द्यायचं, परस्पर कोणाला द्यायचं नाही, आणि लहान पिल्लू असेल तर वयात आल्यावर नसबंदी करायची. शक्य असेल तर नसबंदी करूनच द्या, म्हणजे त्या कलमाच्या मागे लागावं लागत नाही.

आणि नाही म्हणायची वेळ आली तर नाही म्हणा. मी एकदा मनात शंका असताना, जागा नव्हती म्हणून एक पिल्लू देऊन टाकलं होतं, महिन्याभराने फोन केला तर म्हणाले पळून गेलं, कधी पळालं तेही धड सांगता येईना. आम्ही आठ दिवस शोधलं. ते पिल्लू अजून आठवतं.

फॉस्टरला, म्हणजे घर मिळेपर्यंत तात्पुरतं आमच्याकडे ठेवलेलं कुत्र्याचं एक पिल्लू पार्व्हो व्हायरसने गेलं, चार दिवसांत. घर पूर्ण फिनेलने धुतलंय. आता दुसरं पिल्लू आणायला हरकत नाही ना? खूप अपराधी वाटतंय.

तुमच्याकडे आलं तेव्हाच बहुतेक ते लागण घेऊन आलं असणार, कारण लागण झाल्यापासून उलट्या-जुलाब दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी चौदा पण. तुम्ही चार दिवस त्याच्याजवळ होतात, ते एकटं गेलं नाही.

पण दुसरं पिल्लू तुमच्याकडे आत्ता आणू नका. हा व्हायरस 1978 च्या सुमारास जगभर पसरला तेव्हापासून रेस्क्यू करणाऱ्यांच्या मागे लागलाय आणि तो फार चिवट आहे. जमिनीत, मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभर टिकतो. साबणाने, फिनेलने मरत नाही. (फिनेल मांजरींना विषारी पण असतं, मांजरं असलेल्या घरात वापरूच नका.) आधी घाण, केस, सगळं साबणाने स्वच्छ काढायचं, मग साधं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग धुवायचं. ब्लीच दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. अंथरूण, मऊ खेळणी, लाकडी वस्तू टाकून द्या. अंगण किंवा बाग असेल तर ती नीट साफ होत नाही, तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर तरी नको.

मोठं, लसीकरण झालेलं कुत्रं तुम्ही व्हेटशी बोलून ठेवू शकता, आणि अशा कुत्र्यांना फॉस्टर मिळत नाही म्हणून ते अडलेलेच असतात.

आता हे बाकी सगळ्यांसाठी लिहिते. नवीन आलेलं प्रत्येक पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि घरातल्या आपल्या जनावरांचं सगळं उरकून मग शेवटी त्याच्याकडे जायचं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी परत द्यावी लागते, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती मधे येते म्हणून एका डोसने भागत नाही. "एक लस झालीये" असं पोस्टमध्ये लिहिताना पुढच्या डोसची तारीख पण लिहा आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये तिथल्या तिथे रिमाइंडर लावून द्या. आणि हाताला चावलं, ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पिल्लू कितीही लहान आणि गोड असलं तरी. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास कोणी वाचत नाही. हे काम नेहमी करणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी.

आम्ही दिलेली कुत्री बाराव्या दिवशी परत आली. खात नाही, कॉटखाली बसते, जवळ येत नाही म्हणाले. आमच्याकडे तर ती एकदम मस्त होती. आता पुढे कसं?

बिचारी. बारा दिवसांत तिने दोनदा घर बदललं असं झालं ना तिच्या दृष्टीने. कॉटखाली बसणं हे त्या वेळेला अगदी नॉर्मल होतं आणि हे त्यांना आधी कोणी सांगितलं नसावं. आमच्यात एक ढोबळ हिशोब सांगतात, पहिले तीन दिवस भांबावलेली, तीन आठवड्यांत घराची सवय लागते, आणि हे आपलंच घर आहे असं वाटायला तीन महिने. प्रत्येक कुत्र्याला तो लागू पडेल असं नाही पण घेणाऱ्याला धीर येतो. पाहुण्यांना पहिले पंधरा दिवस बोलावू नका, आंघोळ घालू नका, कॉटखालून ओढून काढू नका, खाणं तिथेच जवळ ठेवून खोलीत नुसतं पुस्तक वाचत बसा, एवढं एका कागदावर लिहून जनावरासोबत द्यायचं. तिचं जुनं अंथरूण न धुता द्यायचं, वास ओळखीचा राहतो. पहिले काही आठवडे फिरायला नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीभोवती घालायचा हार्नेस दोन्ही लावायचे, घाबरलेलं कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मान काढून पळतं आणि नवीन भागात त्याला परत यायचा रस्ता माहीत नसतो.

आणि फोन करत राहा. मी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी करते. पहिला फोन फक्त "जेवली का" एवढाच असतो पण त्यात लोक मोकळं होतात, नाहीतर संकोचापोटी सांगत नाहीत आणि बाराव्या दिवशी एकदम घेऊन येतात. त्या कुटुंबाला दोष देऊ नका, ग्रुपवर तर अजिबात नको. त्यांनी परत आणून *तुमच्याकडे* दिली, कुठे सोडून आले नाहीत. त्या बारा दिवसांत ती कशी होती ते सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या, पुढच्या घराला उपयोगी पडेल.

एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) पॉझिटिव्ह बोका आहे. सगळे म्हणतात याला घर मिळणारच नाही.

मिळतं. हा आजार माणसाला, कुत्र्याला होत नाही, मांजरांमध्ये मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे भांडणातून. नसबंदी झालेला शांत बोका घरातल्या घरात वर्षानुवर्षं चांगला जगतो. त्याला बाहेर न सोडणारं, शक्यतो एकुलत्या एका मांजराचं घर बघा आणि दर सहा महिन्यांनी व्हेटकडे न्यायचं हे आधीच सांगा. फक्त रिपोर्ट नीट वाचा, FeLV (मांजरांच्या ल्युकेमियाचा व्हायरस) वेगळा, तो लाळेतून पण पसरतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाची एफआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर नंतर ती टेस्ट पुन्हा करा, आईकडून आलेल्या अँटिबॉडीज त्यात दिसू शकतात.

माझ्याकडे आत्ता अकरा मांजरं आहेत. दोन फॉस्टर म्हणून घेतली होती, ती द्यायच्या वेळी रडू आलं म्हणून ठेवली, मग तसंच होत गेलं. नवरा बोलत नाही पण कंटाळलाय. कोणी फोन केला की नाही म्हणवत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की एका मांजरीच्या पायाला जखम होती ती तुम्हाला तीन दिवसांनी दिसली आणि त्या रात्री तुम्ही झोपला नाहीत. ताई, ती जखम तीन दिवस दिसली नाही हाच तुमचा आकडा. ज्या संख्येला रोज प्रत्येकाच्या अंगावरून एकदा हात फिरवणं होतं ती संख्या तुमची, त्यापुढे एक पण नाही. कदाचित ती चार असेल.

देताना रडू येणारच, मला अजून येतं. पण तुमच्या घरी एक मांजर कायमचं राहिलं की फॉस्टरची ती जागा बंद होते, आणि पुढच्या फोनवरच्या पिल्लाला जायला कुठे राहत नाही. अकरामधली तरुण, माणसाळलेली, सगळ्यांना आवडतील अशी पाच-सहा आधी काढा, त्यांच्या पोस्ट करा, ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाला तरी फोन घ्यायला सांगा म्हणजे तुम्हाला नकार द्यायचा भार नको. दोघं एकमेकांशिवाय खात नसतील तर त्यांना जोडीनेच द्या. म्हातारी आणि आजारी तुमच्याकडे राहू देत. नवीन फोन आला तर "जागा नाही, पण पोस्ट लिहून देते" एवढं म्हणा, तीही मदतच आहे.

आणि नवऱ्याशी बोला. कुठली सहा द्यायची ते त्यांना पण निवडू द्या.

मी दहावीत आहे. घरी परवानगी नाही आणि पैसे पण नाहीत. मला काही करता येईल का?

येईल की! तू आधी घरी सांगून तुमच्या भागातल्या एखाद्या रेस्क्यू ग्रुपच्या माणसांना भेट, आईबाबांपैकी कोणाला बरोबर घेऊन. तुझ्या वयाच्या मुलांकडून होणारी आणि आम्हाला कायम माणसं कमी पडणारी दोन कामं सांगते. एक, फोटो आणि व्हिडिओ, वर मोत्याच्या उत्तरात लिहिलंय तसे. दुसरं म्हणजे पिल्लांना माणसांची सवय लावणं. कुत्र्याच्या पिल्लांमध्ये साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत आणि मांजरीच्या पिल्लांमध्ये दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचं होतं त्याची भीती पुढे कमी राहते. रोज अर्धा तास कोणीतरी शांतपणे शेजारी बसून मोठ्याने अभ्यास वाचला तरी त्यांना माणसाच्या आवाजाची सवय होते, मग नवीन घरी ती कॉटखाली जाऊन बसत नाहीत.

1860 साली लंडनमध्ये मेरी टीलबी नावाच्या बाईंनी हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी घर सुरू केलं तेव्हा लोक हसले होते त्यांना. तुला पण मित्र हसतील कदाचित. तू जाताना हात धुवून जा, पिल्लांची लस व्हायची असेल तर दुसऱ्या कुत्र्यांना भेटून आलेले बूट बाहेर काढ, आणि इतिहासाचं पुस्तक ने, त्यात वाचायला भरपूर असतं.